विष्णू बापू सुतार यांचा हात

"वय एकसष्ट दाखवतंय," मगदूम म्हणाले. मग चष्मा वर सरकवून त्यांनी पडदा पुन्हा वाचला. "आणि लिंग पुरुष."

मी त्यांच्यासमोर ओढणी सावरत बसले होते. वय बावीस. नाव केतकी विष्णू सुतार. मिरजेत तंबोरे करणाऱ्यांच्या गल्लीत आमचं दुकान, आणि मी आयुष्यातला पहिला नोकरीचा अर्ज भरायला आले होते. अर्जाला हस्तपट जोडावा लागतो, आणि तो काढून देणारं आमच्या भागातलं केंद्र म्हणजे मगदूमांचं. पूर्वी ते तिथेच झेरॉक्स काढायचे आणि पोरांचे बायोडाटा टाइप करून द्यायचे. आता त्या जागी एक ठोकळा, एक कानस, बोटात घालायची एक अंगठी आणि हा पडदा आहे.

"पुन्हा घासून बघू?"

"तीनदा घासलंत. तिन्ही वेळा हेच." त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला.

नाव: विष्णू बापू सुतार. व्यवसाय: तंबोरा कारागीर, जवारी. अनुभव: अठ्ठेचाळीस वर्षे. हाताची प्रत: अतिउत्तम. आणि खाली लाल अक्षरांत: समोरील व्यक्ती तोतया असण्याची शक्यता.

"वडील का हे?"

"वडील."

"मग हात वडिलांवर गेला असेल," असं म्हणून ते स्वतःच मान हलवायला लागले. "पण तसं होत नाही. नाक जातं, कपाळ जातं. हात जुळ्यांचेसुद्धा वेगळे येतात."

ते डोकं खाजवत बसले. मला मात्र पहिल्यांदा घासलं तेव्हाच काय झालंय ते कळलं होतं. मी गप्प होते, कारण खरं सांगितलं असतं तर आप्पा, म्हणजे माझे वडील, अडकले असते, आणि खोटं मला पटकन सुचत नाही.

हे हस्तपट प्रकरण काय आहे ते आधी सांगते. माणूस कितीही शांत बसला तरी त्याचा हात थरथरत असतो. डोळ्याला दिसत नाही इतका, सेकंदाला आठ-दहा-बारा वेळा. मेंदूचा हुकूम स्नायू सलग पाळत नाहीत, तुकड्यातुकड्यांनी पाळतात, म्हणून ही थरथर. त्यात अवजार चालवताना कुठे जोर द्यायचा, कुठे सोडायचा, चूक झाली की हात किती वेळात सावरायचा, हेही प्रत्येकाचं निराळं. एकच काम वर्षानुवर्षं केलं की हे सगळं इतकं पक्कं बसतं की ठरवूनही बदलता येत नाही. शास्त्रज्ञांनी सुरुवातीला हे कंपवाताच्या रोग्यांसाठी मोजलं. मोजता मोजता त्यांच्या लक्षात आलं की घासलेला, शिवलेला, कातलेला कुठलाही तुकडा घेतला आणि अवजारात संवेदक असला, तर तो कोणाच्या हातचा हे छातीठोकपणे सांगता येतं.

नेमक्या त्याच सुमाराला अर्ज लिहून देणारी यंत्रं घरोघरी झाली. एका जागेला चाळीस हजार अर्ज यायला लागले आणि सगळ्यांचा सूर एकच. उमेदवार कष्टाळू आहे, चार लोकांत मिसळून काम करतो, त्याला आव्हानं आवडतात. लिहिणारं यंत्र आणि वाचणारंही यंत्र. शेवटी कंपन्यांनी शब्द वाचणंच सोडून दिलं. तोंड काहीही बोलेल, हात खोटं बोलत नाही, अशी जाहिरात झाली, राष्ट्रीय हस्तनोंद निघाली, आणि कानशीपासून शिवणाच्या सुईपर्यंत प्रत्येक अवजाराला मुगाएवढा संवेदक आला. आता कोणी आपल्याबद्दल काही लिहीत नाही. आपण काय केलं ते अवजारं सांगतात आणि आपण ते ऐकून घ्यायचं.

हात खोटं बोलत नाही हे खरंच आहे. माझाही बोलला नव्हता. खोटं त्याच्यापुढे लिहिलेल्या नावात होतं.

आमच्या कामात जवारी हा सगळ्यात नाजूक भाग. तंबोऱ्याच्या तारा ज्या घोडीवरून जातात तिचा माथा इतका हलका बाकदार घासायचा की तार तिला टेकते न टेकते आणि आवाज फुलतो. केसाइतकं जास्त घासलं की तंबोरा मुका. मी चौदा वर्षांची असताना साखरेच्या आजाराने आप्पांच्या बोटांची जाणीव गेली. कान शाबूत होते, पण कानस कुठे लागतेय ते बोटांना कळेना. मग मागच्या खोलीत मी घासायला बसले आणि ते शेजारी डोळे मिटून ऐकत बसायचे. "अजून एक हात. अर्धा. बास." दोन वर्षांनी ते नुसतेच ऐकायला लागले, सांगायची गरज उरली नाही. गिऱ्हाइकाला अर्थात कोणी काही बोललं नाही. मोठमोठ्या गवयांना सांगणार काय, की जवारी नववीतल्या पोरीने लावलीय?

यात फसवतोय असं आमच्यापैकी कोणालाच वाटत नव्हतं. आमच्या घरात घोडीवर माणसाचं नाव नसतंच, दुकानाच्या कर्त्याचं असतं. आप्पांनी केलेले पहिल्या पंधरा वर्षांतले सगळे तंबोरे माझ्या आजोबांच्या नावाने गेले, आणि आजोबांचे त्यांच्या वडिलांच्या नावाने. म्हणून मी सोळा वर्षांची असताना हस्तनोंदवाले गल्लीत आले आणि "मुख्य कारागीर कोण?" असं त्यांनी विचारलं, तेव्हा आप्पांनी सरळ स्वतःचं नाव लिहून दिलं. कारकून पायरीवर चहा घेत बसला. दिवसभरात त्याला चाळीस दुकानं उरकायची होती. त्याने नमुन्याची अंगठी आत पाठवली आणि आप्पांनी ती माझ्या बोटात घातली. "नीट घास," एवढंच म्हणाले.

अशा रीतीने माझा हात विष्णू बापू सुतार झाला. गेली सहा वर्षं मी जे काही घासलं ते त्यांच्या खात्यावर जमा होत राहिलं, आणि मी स्वतः बिनहाताची राहिले.

घरी आले तेव्हा आई वाळलेल्या भोपळ्यातून बिया खरवडून काढत होती आणि आप्पा खुंट्या बसवत होते. मी उभ्याउभ्याच सांगून टाकलं.

आप्पांनी खुंटी खाली ठेवली. "मग त्याला काय सांगितलंस?"

"काही नाही."

"बरं केलंस. गप बसायचं आता."

"गप बसून कसं चालेल आप्पा? पुढच्या सोळा तारखेला मुलाखत आहे. हस्तपटाशिवाय आत घेत नाहीत."

नोकरी कुपवाडच्या एमआयडीसीतली, 'श्रुतिबंध' नावाच्या कंपनीतली. ऐकू न येणाऱ्या माणसांसाठी ते कानातली हाडं करतात. हातोडी, ऐरण, रिकीब शाळेत शिकतो ना, तीच, चिनी मातीसारख्या एका पदार्थाची. यंत्र ती मापात ओतून देतं, पण प्रत्येकाच्या कानाची घडण वेगळी, म्हणून हाडं जिथे एकमेकांना टेकतात तिथे शेवटचं घासकाम हाताने होतं. यंत्राला माप कळतं, आवाज कळत नाही. जाहिरात वाचली तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. हे काम माझंच आहे, असं मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

"खरं सांगून टाकू," मी म्हटलं. "नमुना माझा होता म्हणून."

"आणि मग?" आप्पांचा आवाज चढला. "एकशे बारा तंबोरे गेल्यात त्या दाखल्यावर. जवारी विष्णू बापू सुतार यांच्या हातची, असं छापून गेलंय. त्या माणसांनी काय समजायचं? सुतारानं सहा वर्षं पोरीच्या हातानं खाल्लं, असंच म्हणतील न्हाई का?"

"मग खाल्लंतच की," आई भोपळ्यातून मान वर न काढता म्हणाली.

आप्पा उठून बाहेर गेले. आई माझ्याकडे वळली. "आणि तुला तरी काय गं, जाऊन हात दाखवून अवलक्षण करायची हौस! इथं काम न्हाई व्हय?"

"काम आहे. मी नाही."

ती बिया वाजवत राहिली.

चार दिवसांनी मगदूमांनीच निरोप पाठवला. माणूस वाईट नाही. अडल्यानडल्याला वाट काढून देणं हा त्यांचा धंदा आहे आणि तो ते मनापासून करतात. त्यांनी दार लोटून घेतलं आणि टेबलावर गोळ्यांची एक पट्टी ठेवली.

"रक्तदाबाची जुनी गोळी आहे. हिनं थरथर मंदावते. रोज दोन घ्यायच्या, कानस डावा अंगठा खाली घालून धरायची, मनगटात ही दीडशे ग्रॅमची पट्टी. दहा दिवसांत नवा हात काढून देतो."

"नवा हात?"

"अहो, सगळे करतात. ज्यांचा हात वाईट नोंदला गेलाय ते नवा काढून घेतात."

"माझा वाईट नाही."

"नाहीच. तुमचा अतिउत्तम आहे. फक्त तुमचा नाही, एवढंच."

मी गोळ्या घेतल्या. खोटं कशाला सांगू? सोळा तारीख जवळ येत होती, आप्पा माझ्याशी बोलत नव्हते, आणि मला वाटलं, आधी आत तर शिरू, मग बघू. दहा दिवस मी त्या उलट्या पकडीने ठोकळे घासले. हातात काही उरलं नाही असं वाटायचं. सगळं गुळगुळीत, सगळं लांबून कुठून तरी चाललंय असं. अकराव्या दिवशी मगदूमांच्या पडद्यावर माझं नाव आलं. केतकी विष्णू सुतार. वय बावीस. अनुभव शून्य. हाताची प्रत: साधारण, स्थिर.

"अभिनंदन," मगदूम म्हणाले. "आता तुम्ही रीतसर नवशिक्या."

त्याच दुपारी धारवाडला जायचा एक तंबोरा पुरा करायचा होता. गोळीचा अंमल होताच. मी नेहमीसारखी घोडी घासली, तारा लावल्या, त्यांच्याखाली आवाज खुलवणारे सुती दोरे सरकवले आणि तारा छेडल्या. तंबोरा वाजला. चारी तारा सुरात होत्या. पण आवाजाला पाठ नव्हती. तार वाजायची आणि तिथेच संपायची. मी दोरा मागे घेतला, पुढे घेतला, पुन्हा घासलं. काही उपयोग झाला नाही.

आप्पा पुढच्या दुकानात होते. ते दारात येऊन उभे राहिले. पंधरा दिवसांत पहिल्यांदा माझ्याशी बोलले.

"हे कुणी घासलं?"

"केतकी विष्णू सुतारनं," मी म्हटलं. "सरकारी नोंद आहे तिची. दाखला दाखवू?"

त्यांनी खाली बसून तार छेडली, एकदा, दोनदा. "मेलंय हे," ते हळू म्हणाले.

"हो. पण नोकरीला चालतं असलं. उलट हेच चालतं. जिवंत हात तुमच्या नावावर आहे ना!"

मला इतका संताप आला होता की तंबोरा बाजूला ठेवतानासुद्धा भीती वाटली, आपटला तर? आप्पांचा राग आला, मगदूमांचा आला, आणि सगळ्यात जास्त माझाच आला. स्वतःचा हात स्वतःच मारून मी त्याचा दाखला घेऊन आले होते, आणि वर त्या माणसाचे आभारही मानले होते. मी गोळ्यांची उरलेली पट्टी मोरीत फोडून पाणी ओतलं.

"परवा दहा वाजता मी मगदूमांकडे जाणार आणि खरं सांगणार," मी आप्पांना सांगितलं. "तुम्हाला काय वाटेल त्याची मला काळजी आहे. पण मी जाणार."

मी गेले आणि सांगितलं. मगदूमांनी कपाळाला हात लावला. गोळीच्या भानगडीत त्यांचंही बोट होतं, पण त्याबद्दल मी चकार शब्द काढणार नाही म्हटल्यावर ते जरा सावरले आणि अजून वर न पाठवलेला माझा तो नवा हात त्यांनी पुसून टाकला.

"नुसतं सांगून होत नाही. तो हात ज्याच्या नावावर आहे त्याने स्वतः येऊन दुसरा हात द्यावा लागतो. हा माझा नाही, हे यंत्राला पटायला हवं. तुमचे वडील येतील?"

"नाही येणार."

"मग संपलंच."

मी तिथेच बसून राहिले. उठून जायचं कुठे ते कळत नव्हतं. पावणेअकराला जिन्यावर पावलं वाजली आणि आप्पा वर आले. इस्त्रीचा सदरा, डोक्यावर टोपी. लग्नाला निघाल्यासारखे. माझ्याकडे न बघता ते ठोकळ्यासमोर बसले.

"अंगठी द्या," ते म्हणाले.

जाणीव नसलेल्या बोटात अंगठी नीट बसेना. शेवटी मी ती सरकवून दिली. त्यांनी कानस उचलली आणि घासायला सुरुवात केली. दहाबारा हातांत ती दोनदा घसरली. मी बघू शकत नव्हते आणि नजर हटवूही शकत नव्हते. मगदूमांनी पडद्याकडे बघितलं आणि पुटपुटले, "झालं. नवीन दाखवतंय."

"मोठ्यानं वाचा, मगदूम."

"राहू दे की, विष्णूपंत."

"वाचा."

मगदूमांनी घसा साफ केला. "नोंद सापडत नाही. नवीन व्यक्ती. अनुभव शून्य. हाताची प्रत: कामास अयोग्य."

आप्पांनी मान हलवली. "पहिली पंधरा वर्षं बापाच्या नावावर गेली. शेवटची आठ हिनं केली. मधली माझी होती, पण तेव्हा यंत्र नव्हतं." ते हसले की काय ते मला कळलं नाही. "लिहा, शून्य लिहा. खरं असंल तेच लिहा."

मग मगदूमांनी शेवटचा अर्ज उघडला. चुकीचा नमुना का दिला गेला? पर्याय दोन. जबरदस्ती किंवा फसवणूक. जबरदस्ती म्हटलं तर आप्पा दोषी आणि मी सुटले. फसवणूक म्हटलं तर दोष माझा, आणि माझ्या हस्तपटावर सात वर्षं शेरा.

"जबरदस्ती लिहा," आप्पा म्हणाले.

"नाही. फसवणूक लिहा."

"गप गं! मी बाप हाय. मी अंगठी घातली."

"आणि मी घासलं. मला कोणी बांधून ठेवलं नव्हतं. मला ते काम आवडत होतं, आजही आवडतं. नाव मिळत नव्हतं, एवढंच. त्याला जबरदस्ती कसं म्हणायचं?"

"सोळा वर्षांची होतीस तू!"

"तुम्ही किती वर्षांचे होता, पहिली घोडी आजोबांच्या नावावर गेली तेव्हा?"

आप्पांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "तेरा," ते म्हणाले.

मगदूम टेनिस बघितल्यासारखे दोघांकडे बघत होते. मी त्यांच्याकडून कळफलक ओढून घेतला, दोन्ही पर्याय सोडले आणि खाली शेऱ्याच्या जागेत टाइप केलं: रिवाज.

"अहो, असा पर्याय नाही!"

"आता आहे. मी लिहिलाय."

"यंत्र घेणार नाही."

"मग नको घेऊ दे. ते तिथेच राहील. मी वडिलांना गुन्हेगार म्हणणार नाही आणि स्वतःलाही म्हणणार नाही. हा गुन्हा कोणा एकाचा नाही. चार पिढ्यांचा आहे, आणि चार पिढ्यांना बसवायला यांच्याकडे खुर्ची नाही."

यंत्राने बराच वेळ घेतला. मग माझं नाव आलं, या वेळी खऱ्या हातासकट. केतकी विष्णू सुतार. जवारी. अनुभव सहा वर्षे. हाताची प्रत: अतिउत्तम. शेरा: नोंदणीत गैरप्रकार, कारण तपासाधीन. त्याच क्षणी आप्पांचा दाखला रद्द झाला आणि एकशे बारा घरांत पत्रं गेली. मुलाखतीच्या दिवसापर्यंत तीन तंबोरे परत आले होते. आप्पांनी ते पुढच्या दुकानात, सगळ्यांना दिसतील असे ठेवले. कोणी विचारलं की ते सांगायचे, "पोरीनं केल्यात. मी केलं म्हणून सांगितलं होतं."

सोळा तारखेला मी कुपवाडला गेले. मुलाखत शाखाप्रमुखच घेतात. अभ्यंकर मॅडम, पन्नाशीच्या, बोलणं मोजकं. त्यांनी माझा हस्तपट खालपर्यंत वाचला आणि शेऱ्यावर बोट ठेवलं.

"हे काय आहे?"

मी सगळं सांगितलं. काही गाळलं नाही, फक्त मगदूमांचं नाव घेतलं नाही. त्यांनी मधे एकही प्रश्न विचारला नाही. संपल्यावर म्हणाल्या, "बोलून काय उपयोग? घासून दाखवा."

भिंगाखाली एक रिकीब ठेवली होती, तांदळाच्या कणीपेक्षा लहान. शेजारी एक यंत्र त्या हाडातून जाणारा आवाज मोठा करून ऐकवतं. कान लावला आणि बाकीचं जग बंद झालं. आवाज चपटा होता. मी एक हात घासलं. अर्धा. पुन्हा ऐकलं. चाळीस मिनिटं गेली असं त्या नंतर म्हणाल्या, मला दहा वाटली. शेवटी तो आवाज उघडला. मी कानस ठेवली तेव्हा माझी पाठ ओली झाली होती.

मॅडमनी ऐकलं. दोनदा ऐकलं. चेहऱ्यावर काही दाखवलं नाही, पण खणातून नेमणुकीचं पत्र काढलं. "शेरा असलेल्यांना आम्ही घेत नाही. तुमच्यासाठी मी वरच्यांशी बोलेन. सही करा."

मी पत्र वाचायला घेतलं. त्या जरा चकित झाल्या, कारण पत्र कोणी वाचत नसावं. पाचव्या कलमाशी मी थांबले. प्रशिक्षणाच्या पहिल्या तीन वर्षांतील सर्व काम शाखाप्रमुखांच्या हस्तपटावर जमा होईल.

"हे काय?"

"पद्धत आहे. सगळीकडे असंच असतं. नवीन माणसाच्या नावाचं हाड डॉक्टर घेणार नाहीत. विश्वास नावावर असतो."

"शाखाप्रमुख म्हणजे तुम्ही."

"मीच."

"मॅडम, तुम्ही शेवटचं हाड कधी घासलंत?"

मॅडम आपल्या हाताकडे बघत होत्या. मला वाटलं आता रागावतील, पण त्या रागावल्या नाहीत.

"नऊ वर्षं झाली," त्या म्हणाल्या. "आणि माझी पहिली तीन वर्षं माझ्या साहेबांच्या नावावर आहेत. अजूनही."

"मग तुम्हाला तरी हे कलम लिहवलं कसं?"

"मी नाही लिहिलं. ते होतंच." त्यांनी पेन माझ्याकडे सरकवलं. "केतकी, तुमच्यावर शेरा आहे. अशी संधी पुन्हा मिळणार नाही. तीन वर्षं काय, बघता बघता जातात."

"माहीत आहे. आमच्या घरात चार पिढ्या अशाच गेल्या." मी पेन उचललं, पाचव्या कलमावर आडवी रेघ मारली, खाली सही केली आणि पत्र परत दिलं. "हे असं चालत असेल तर मी सोमवारी येते."

"नाही चालणार. हे यंत्र घेणारच नाही."

"मग राहू दे."

मी उठले. बाहेर आप्पा झाडाखाली वाट बघत थांबले होते, आणि त्यांना जाऊन काय सांगायचं ते मला माहीत नव्हतं. दारापर्यंत गेले आणि मागे वळून बघितलं. मॅडम ती रिकीब चिमट्याने उचलून एका चिमुकल्या डबीत ठेवत होत्या. डबीवर छापील चिठ्ठी होती.

"ते कुठे जाणार?" मी विचारलं.

"परवा शस्त्रक्रिया आहे. साताऱ्याच्या एक बाई. जन्मापासून ऐकू येत नाही."

"चिठ्ठीवर काय आहे?"

मॅडमनी डबीचं झाकण लावलं. मी परत टेबलाशी गेले आणि वाचलं. घासकाम: डॉ. सुनीती अभ्यंकर.

"हे बदला. मग मी जाते."

"नोकरी नको आणि चिठ्ठीवर नाव हवं?"

"हो. नोकरी देणं न देणं तुमच्या हातात आहे. हे हाड मी घासलंय, त्यात तुमच्या हातात काही नाही. त्या बाईंना पुढे ऐकू येईल, तेव्हा ते कोणी केलं हे त्यांना खरं कळायला हवं."

"तुम्ही हट्टी आहात."

"आहे."

मी तिथून हलले नाही. बाहेर कुठेतरी शिफ्टचा भोंगा झाला, कॉरिडॉरमधून माणसं गेली. मॅडमनी डबी उचलली, खाली ठेवली, पुन्हा उचलली. मग चष्मा लावला, पेन घेतलं आणि स्वतःच्या नावावर सावकाश काट मारली. वर जागा थोडीच होती. त्यांनी बारीक अक्षरात 'केतकी' लिहिलं आणि पेनचं टोपण शोधायला लागल्या.

"पूर्ण लिहा," मी म्हटलं. "जागा होईल. पहिलं माझं, मधे वडिलांचं. विष्णू."